सुटं सामान

"फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे काय?" अण्णांनी विचारलं.

"चारही चाकं फिरतात," मी म्हणालो.

"मग आपल्या मारुतीची किती फिरतात?"

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एंजिनची ताकद, गिअर, शाफ्ट, असं करत करत शेवटी म्हणालो, "मारुतीत दोन चाकं ओढतात आणि दोन नुसती मागून येतात."

"आपल्या घरासारखं," आतून ही म्हणाली.

अण्णांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि "म्हणजे डिझेल जास्त" एवढाच सारांश काढला. त्यांचं वय एक्क्याऐंशी. गाडी त्यांनी तोपर्यंत पाहिलेलीही नव्हती.

गाडी मी पाहिली ती कामशेतच्या पुढे, एका पडवीत. तिची जात सांगणं अवघड आहे. छाती जीपची, पाठ मॅटाडोरची, आणि चेहरा सकाळी लवकर उठवलेल्या माणसाचा. कंपनीचं नाव मागच्या मालकाने घासून काढून तिथे ‘आई एकविरा प्रसन्न’ असं रंगवून घेतलं होतं, त्यामुळे तक्रार करायची झालीच तर थेट कार्ल्याचा डोंगर चढायला हवा. गेल्या वीस वर्षांत तिने वडाप केलं, दूध वाहिलं, वऱ्हाडं नेली, शाळेची पोरं नेली आणि शेवटच्या वर्षी कोंबड्यांना आसरा दिला. कागदोपत्री ती खासगी होती. वडाप हा तिचा छंद.

ती घ्यायचं कारण आमची कन्या. ती बंगळुरूला असते आणि फोनवर छोट्या छोट्या फिती पाठवते. त्यांत एक दाढीवाला मुलगा गाडीतल्या गाडीत झोपून उठतो, मागचं दार उघडतो, आणि दारात समुद्र असतो. दुसऱ्या दिवशी दार उघडतो तर बर्फाचा डोंगर. आमच्या तळेगावच्या दारात सकाळी कचऱ्याची घंटागाडी येते. तीही आपल्या जागी चांगलीच आहे, पण निवृत्तीनंतर रोज तीच यायला लागली की माणूस एक लाख पस्तीस हजार रुपये मोजून पडवीतली गाडी बाहेर काढतो.

त्यात पंधरा वर्षांवरच्या गाडीची पुनर्नोंदणी आली. पूर्वी सहाशे रुपयांत व्हायची, ती 1 एप्रिल 2022 पासून पाच हजारांवर गेली. शिवाय पर्यावरण कर. सरकारचं म्हणणं सरळ आहे, म्हातारी गाडी सांभाळायची हौस असेल तर हौसेचे पैसे भरा. अण्णांनी ही बातमी वाचून दाखवली आणि माझ्याकडे न बघता पान उलटलं.

गाडी पहिल्यांदा नेली ती वडगाव फाट्यावरच्या वस्तादाकडे. तो खाली सरपटत गेला. खालून बराच वेळ काही आवाज आला नाही. मेकॅनिक खाली गेल्यावर गप्प झाला की खर्च वाढतो.

"साहेब, पुढचा शाफ्ट कुठंय?"

"असेल की."

"असता तर दिसला असता."

मागच्या मालकांना फोन लावला. त्यांनी अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. फोर व्हील लागत नव्हतं, उगाच डिझेल जातं म्हणून शाफ्ट काढून ठेवला होता. कुठे ठेवला ते बघायला गेलो तर गोठ्यात. उभा गाडलेला. त्याला म्हैस बांधलेली.

"लई खात्रीचा हाय," ते म्हणाले. "चार वर्षं झाली, हलली नाय."

म्हणजे पुढच्या चाकांना मिळायची ती ताकद चार वर्षं म्हशीला मिळत होती. भंगारातला एक दोन इंची पाइप आणि वर तीनशे रुपये देऊन मी शाफ्ट सोडवला. म्हैस माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती अजून आठवते. पुढे वस्तादाने जॉइंट बदलले, ग्रीस भरलं, कमानीचे पाटे आणि बुश नवे घातले आणि मला चारही चाकं चालवायची रीत शिकवली. ती अशी : नुसता लिव्हर ओढून भागत नाही. आधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेल्या टोप्या हाताने फिरवून लॉक करायच्या, मग वर येऊन लिव्हर ओढायचा.

"म्हणजे चिखलात अडकल्यावर आधी चिखलात उतरायचं?"

"चिखलाच्या आधीच उतरायचं, साहेब. शहाणी माणसं रस्ता बघून उतरतात."

चार चाकी ताकदीची ही गोष्ट फितींत कुठे दाखवत नाहीत. त्या दाढीवाल्याचे पाय कायम स्वच्छ असतात.

आता गाडीचं घर करायचं. या बाबतीत आम्ही मावळची माणसं फार मागे आहोत असं वाटत असेल तर ते खोटं आहे. आकुर्डी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. टेम्पो हा शब्द आपण इतका आपला केला की ते हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव होतं हे सांगितलं तर टेम्पोवालेच हसतील. 1958 साली बजाज टेम्पो निघाली, पुढे आकुर्डीला मॅटाडोर बनायला लागली आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या डब्यासारख्या गाडीचं नाव मॅटाडोर झालं. जर्मनीत 1951 पासूनच वेस्टफालिया नावाची मंडळी फोक्सवॅगनच्या डब्यात पलंग, कपाट आणि चूल बसवून देत होती. आपण त्याच देशाकडून डबा घेतला आणि त्यात कांदे भरले. कांद्यांवर बसून गावाला गेलो. मला तरी यात कमीपणा वाटत नाही. घर सोडून चाकावर राहायला जावं असं त्या काळी कुणाला वाटायचं नाही, कारण मुळात घर बांधता बांधताच जन्म जायचा.

आणि चाकावरचं घर आपल्याकडे नाही असंही नाही. आषाढी वारीला देहूहून पालखी निघते तेव्हा दिंड्यांमागचे ट्रक बघा. खाली शिध्याची पोती, त्यावर वळकट्या, मागे टांगलेली पातेली, एका बाजूला तंबूचे बांबू, टपावर दोन म्हातारे. मुक्काम आला की पाऊण तासात पिठलं तयार. त्यांच्यात ‘इंटेरियर’ हा शब्द कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा सल्ला घ्यायला या मंडळींकडे कुणी गेलं होतं का, माहीत नाही. ती तेव्हा घरी होती. करोनामुळे पालख्या एसटीतून पंढरपूरला जात होत्या.

धोरण ठीक, पण कायद्याचं काय, म्हणून एमएच चौदाच्या आरटीओबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांकडे गेलो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीने जशी बनवली तशीच गाडी ठेवायची, मूळ रचनेत फेरफार नको. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. राहती गाडी हा प्रकार कायद्यात आहे, त्याचं मानक आहे, एआयएस 124 नावाचं, आणि गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था तर आपल्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर. पण ते सगळं रीतसर गाडी बांधणाऱ्यांसाठी. माझ्यासारख्याचं, ज्याच्याकडे एक वही, साठ हजार रुपये आणि उत्साह आहे, त्याचं कुठलंच मानक नाही.

गृहस्थांनी पानाची पिंक टाकून मला एक वाक्य दिलं. "साहेब, गाडीला खिळा लावायचा नाही. जे सुटतं ते सामान, जे सुटत नाही तो गुन्हा."

हे वाक्य मी घरी येऊन सुताराला सांगितलं. तो वीस वर्षं आमच्या घरचं काम करतोय. त्याने हातातली पट्टी खाली ठेवली. "खिळा न मारता," तो म्हणाला, "मी फक्त बोलू शकतो."

तरी तो आला. पलंग म्हणजे दोन मोठे खोके, वर फळ्या. फळ्या उचलल्या की खोक्यांत सामान. स्वयंपाकघर म्हणजे तिसरा खोका, उभा केला की ओटा, आडवा केला की बाक. पाण्याचे वीस लिटरचे दोन जार. पाच किलोचा छोटा सिलिंडर, एका बर्नरची शेगडी. वर कॅरिअरला दोरीने बांधलेलं शंभर वॉटचं सोलर पॅनल, खाली बॅटरी, तिच्यावर एक पंखा आणि दोन दिवे. खिडक्यांना इलॅस्टिकचे पडदे, हिच्या जुन्या साडीचे. पत्रा तापू नये म्हणून आतून चंदेरी फोम नुसता खोचून बसवला. आत बसलं की परातीत बसल्यासारखं वाटायचं.

काटकसर मी डोळ्यांत तेल घालून केली. पुण्याच्या जुन्या बाजारात सलग चार रविवार घासाघीस केली. तिथे एका सुट्या खिडकीसाठी तासभर हुज्जत घालून साडेसहाशेची खिडकी चारशेला आणली आणि घरी आल्यावर लक्षात आलं की खिडकी बसवायला पत्रा कापावा लागतो, म्हणजे गुन्हा. ती सध्या गच्चीवर वाळवणाला झाकण म्हणून आहे. प्लाय घेताना सुतार म्हणाला मरीन घ्या. मरीनचा भाव ऐकून मी म्हणालो, आपल्याला समुद्रात कुठे जायचंय, साधा दे. सुतार काही बोलला नाही. जुलैत लोणावळ्याला काय होतं ते त्याला माहीत होतं. पुण्यात वर्षाला सातएकशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि लोणावळ्यात चार हजारांच्या वर, हे मी शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. फक्त प्लाय घेताना भूगोल आठवला नाही.

काम संपल्यावर वहीत बेरीज केली. साठ हजारांचं एक लाख चार हजार झालं होतं. त्यातले एकतीस हजार ‘किरकोळ’ या सदरात होते. आमच्या वहीतला तो सर्वांत मोठा आकडा.

पहिला मुक्काम पवनेच्या काठी, असं ठरलं. अण्णा पुतण्याकडे राहिले. "घर सोडून गाडीत झोपायला जाताय, जा," म्हणाले. "किल्ली शेजारी ठेवा. रात्री परत याल."

कामशेतहून बेडश्यावरून पवनानगरला सरळ रस्ता आहे. पण गाडी फिरायला घेतली की सरळ जायचं नसतं. आम्ही जुन्या हायवेने लोणावळ्याला गेलो, तिथून दुधिवरे खिंडीतून खाली उतरायचं म्हणून. जुलैतला शनिवार. आम्ही जन्मापासून इथले, आणि जुलैतल्या शनिवारी लोणावळ्यात शिरू नये हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. भुशी धरणाच्या रस्त्याला लागायच्या आधीच सगळं थांबलं. पुढे मुंबईच्या गाड्या, मागे पुण्याच्या गाड्या, मधून कणसं विकणारी पोरं, आणि वरून पाऊस असा, जणू कुणी वर टाकी उपडी करून विसरून गेलंय.

तासभर कुणी इंचभर हललं नाही. पहिल्या अर्ध्या तासात मी तीन गाड्यांना हात केले, चौथ्याशी भांडलो. मग ही म्हणाली, "अहो, आपल्याकडे घर आहे ना?" आणि उठून मागे गेली.

गाडी कडेला दाबून बंद केली, मागचं दार उघडं टाकलं. तिने खोका उभा केला, शेगडी पेटवली, आलं किसलं. पावसात आल्याच्या चहाचा वास किती लांब जातो याचा माझा अंदाज चुकला. दहा मिनिटांत पलीकडच्या गाडीतला एक गृहस्थ छत्री घेऊन मागच्या दाराशी उभा.

"दोन कटिंग. एक बिनसाखरेचा."

मी सांगायला जाणार होतो की हे खासगी निवासस्थान आहे. पण हिने दोन कप भरले होते. त्याच्यामागे चार जण उभे. एकाने वडापाव आहे का विचारलं. एक मुलगी आतले पडदे बघून म्हणाली, काय भारी थीम आहे हो काकू. पैसे नको म्हटलं तरी पहिल्या गृहस्थाने हिच्या फोनवर चाळीस रुपये पाठवलेच, आणि मग सगळ्यांनी पाठवले. वाहतूक सुटली तेव्हा दूध संपलं होतं आणि तीनशे साठ रुपये जमले होते. वहीत जमेची बाजू मी आखली होती, पण तिथे काही लिहायची ही पहिलीच वेळ. हिने ते पैसे चिक्कीत घातले. लोणावळ्याला जाऊन चिक्की न घेता परतलेला मावळकर मी अजून पाहिलेला नाही, मग तो तळेगावचा का असेना.

दुधिवरे खिंडीत सुट्या सामानाचा खरा अर्थ कळला. चढाला दोन्ही खोके हळूच मागच्या दाराला जाऊन टेकले. उताराला लागल्यावर ते परत आले, आणि येताना पलंग, गादी, दोन्ही जार आणि अर्धा किलो चिक्की घेऊन आले. एक जार माझ्या सीटच्या पाठीला असा धडकला की मी न बोलता दोन नंबर गिअरमध्ये गेलो. पुढच्या चढाला सगळं पुन्हा मागे. अशा रीतीने आम्ही आणि आमचं घर, दोघंही पवनेच्या खोऱ्यात उतरलो, पण एकत्र नाही.

धरणाच्या काठी जागा मिळणं हा आणखी वेगळा अध्याय. जिथे सपाट तिथे तंबू. निळे, केशरी, रांगेने. प्रत्येक रांगेच्या टोकाला एक मुलगा, हातात दर. "काका, टेंट, रात्रीचं जेवण, बार्बेक्यू, सकाळी पोहे." आमची गाडी आहे, आम्ही आमचे झोपणार, असं म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. एकाने पार्किंगचेच पाचशे सांगितले. तिकडे डीजेचा धुमधडाका चालू. तुंग आणि तिकोना पाठीमागे ढगात तोंड लपवून बसलेले. मला त्यांचं पटलं.

अंधार पडताना आतल्या रस्त्याने एका वाडीजवळ बांधाकडेला जागा सापडली. समोर भाताची खाचरं, त्यापलीकडे पाण्याची पट्टी. अगदी फितीतल्यासारखं. खिचडी टाकली. दारं लावून बसलो. आणि पाऊण तासात आतून पाऊस सुरू झाला. गाडी गळत नव्हती. कुकरची वाफ आणि आमचा श्वास त्या चंदेरी फोमवर जाऊन पाणी होत होता आणि थेंबाथेंबाने परत खाली येत होता. ढग कसे तयार होतात हेही मी तीस वर्षं शिकवलं होतं. साध्या प्लायचा पलंग एव्हाना कडेने पोळीसारखा फुगला होता. इथल्या बायका पूर्वी लावणीला डोक्यावर इरलं घ्यायच्या. काटक्यांची चौकट, वर पानं. एका माणसापुरतं घर, पाठीवर घ्यायचं आणि वाकून रोप लावत पुढे सरकायचं. एक थेंब आत यायचा नाही आणि वाफही साठायची नाही. एक लाख चार हजार खर्च करून मी त्याच्यापेक्षा वाईट घर बांधलं होतं.

साडेनऊला काचेवर बॅटरीचा उजेड आणि टकटक.

"कोण हाय? गाडी बंद पडली का?"

"नाही, आम्ही इथेच झोपणार आहोत."

बाहेर बराच वेळ शांतता. मग, "का? घरी भांडण झालं का?"

साठीचे गृहस्थ, डोक्यावर प्लास्टिकचं पोतं. मी त्यांना कॅम्पर ही कल्पना समजावून सांगितली. त्यांनी बॅटरी आत फिरवली, टपकणारं छत पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं. "वहिनी, चला. घर काय वस पडलंय का आमचं? दारात पाव्हणं गाडीत निजलं म्हणून उद्या वाडीत त्वांड दावता येईल का?"

"अहो पण आम्ही मुद्दाम..."

"मुद्दाम सकाळी निजा."

आम्ही त्यांच्या ओटीवर झोपलो. आधी इंद्रायणीचा आसट भात आणि वरण, मग घोंगडी. हा तांदूळ 1987 साली आपल्या वडगावच्याच संशोधन केंद्रातून निघाला, अशी माहिती मी जेवताना दिली. ते म्हणाले, "आमी लावतोय की," आणि अजून वाढलं. रात्री मी एकदा जागा झालो. बांधावर आमचं घर पावसात एकटं उभं होतं, आत दोन दिवे चालू. मी बंद करायला विसरलो होतो.

सकाळी ते ओटीच्या पायरीवर घुटमळत होते. लावणीला पलीकडच्या वाडीतून अकरा बाया यायच्या होत्या. त्यांना आणणारा टेम्पो ओढ्याजवळच्या चिखलात रुतला होता.

"तुमच्या गाडीला चारी चाकं चालतात म्हन्ला व्हता न्हवं?"

मी त्यांच्या मुलाला सोबत घेऊन गाडीकडे गेलो. पण आतमध्ये पलंग, ओटा, जार, गादी. अकरा बाया बसणार कुठे? मुलगा हसला. त्याने फळ्या उचलल्या, मी खोके उचलले. खिळा नव्हताच. दहा मिनिटांत सगळं घर त्यांच्या ओटीवर आलं. चिखलाच्या आधी मी शहाण्यासारखा खाली उतरलो, टोप्या फिरवल्या, लिव्हर ओढला. म्हशीचा शाफ्ट घरघरला आणि गाडी ओढ्यातून अशी वर आली की मला स्वतःलाच ओरडावंसं वाटलं. टेम्पोही दोर लावून काढला. पुढची खेप मुलाने मागितली. किल्ली दिली.

परत येऊन बघतो तर ओटीवर आमचा पलंग मांडलेला, गादी उन्हाच्या तिरिपेत टाकलेली, खोका उभा करून शेगडीवर चहा ठेवलेला. ही पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, शेजारी घरातल्या आजी. समोर खाचरांपलीकडे पवनेचं पाणी, ढगातून निघालेला तिकोना. फोन वाजला. कन्या.

"बाबा, व्हिडिओ लावा ना! कॅम्पर दाखवा!"

मी फोन पलंगावरून फिरवला, ओट्यावरून, पडद्याच्या गठ्ठ्यावरून, समोरच्या पाण्यावर नेला.

"वॉव," ती म्हणाली. "पण गाडी कुठंय?"

"गाडी कामावर गेलीय," आजी म्हणाल्या. "पलंग मात्र बरा हाय. हाच ठिवून जा."